श्रीसंत सावतोबा : मळ्यातच पंढरी भेटली

आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरचा काला होतो आणि पंढरीतली गर्दी ओसरू लागते. दिंड्या परतीच्या वाटेला लागतात. कोणाच्या पडशीत बुक्क्याची पुडी असते, कोणाच्या चुरमुऱ्यांचा प्रसाद, आणि प्रत्येकाच्या मनात घरची आठवण जागी झालेली असते. अशा वेळी, आषाढ वद्य चतुर्दशीला, सोलापूर जिल्ह्याच्या माढे तालुक्यातल्या अरण गावी एक उत्सव होतो. ती श्रीसंत सावतामहाराजांची पुण्यतिथी. आषाढीला साऱ्या संतांच्या पालख्या देवाच्या भेटीला पंढरीस जातात, पण सावतोबांची पालखी जात नाही. उलट पंढरीहून देवाचीच पालखी अरणला नेण्याचा प्रघात आहे. भक्ताने देवाकडे जावे ही जगाची रीत. इथे देव भक्ताकडे येतो. हे असे का, याचा विचार आज आपण त्या थोर पुरुषाच्या चरित्राच्या आधाराने करू.

विचार करण्याचे कारणही तसेच आहे, मंडळी. दर वर्षी आपल्यापैकी कितीतरी जणांची वारी चुकते. कोणाचे गुडघे धरलेले असतात, कोणाच्या घरी म्हातारी अंथरुणाला खिळलेली असते, कोणाची पेरणी पावसाने लांबवलेली असते. सून बाळंतपणाला आली म्हणून सासूबाई राहतात, सासूबाई गेल्या म्हणून सून राहते. असे मागे राहिलेले माणूस दिंडी गावाबाहेर पडेपर्यंत टाळ्या वाजवीत चालते, वेशीपासून परत फिरते, आणि मग दारात बसून खंत करू लागते. माझेच नशीब फुटके, माझ्याच मागे हा संसार लागला, मलाच देवाने दूर ठेवले, असे त्याला वाटू लागते. ही खंत भक्तीतून उगवते हे खरे. पण ती वाढू दिली तर भक्तीलाच खाऊन टाकते. ज्या घरात देवाने बसवले त्या घराचा वीट येतो, जी भाकरी ताटात आली ती कडू लागते. अशा माणसाने सावतोबांचे चरित्र जरूर ऐकावे.

सावतोबांचे घराणे मूळचे औसे गावचे. त्यांचे आजोबा दैवू माळी हे तिकडून अरणला येऊन राहिले. या दैवू माळ्यांना दोन मुलगे, पुरसोबा आणि डोंगरोबा. घराण्यात पंढरीची वारी होती, गळ्यात तुळशीची माळ होती, आणि हाताला मातीचे काम होते. पुरसोबा आणि नांगिताबाई या दांपत्याच्या पोटी शके 1172, म्हणजे इसवी सन 1250 मध्ये सावतोबांचा जन्म झाला. म्हणजे ज्ञानोबारायांपेक्षा ते पंचवीस वर्षांनी वडील आणि नामदेवरायांपेक्षा वीस वर्षांनी. संतमंडळी चंद्रभागेच्या वाळवंटात जमू लागली, त्या वेळी हा माळी अरणच्या मळ्यात भर जोमाने राबत होता.

अरण हे मोडनिंबजवळचे गाव. पंढरी तिथून एका दिवसाच्या चालीवर. मुलूख कोरडा. पाऊस लहरी, आला तर एकदाच धो धो येतो आणि गेला तर महिना महिना तोंड दाखवीत नाही. अशा मुलखात भाजीपाल्याचा मळा राखायचा म्हणजे काय, हे ज्याने मोट हाकली आहे त्यालाच ठाऊक. आता मोटा गेल्या, विजेचे पंप आले. तरुण वाचकांना ते काम समजावे म्हणून थोडे सांगतो.

विहिरीच्या काठावर लाकडी चाक. त्यावरून मोटेचा जाड नाडा बैलांच्या जुवाला बांधलेला. चामड्याची मोट पाण्यात बुडवायची, भरली की बैल धावेवरून उताराला हाकायचे. मोट वर आली की तिची सोंड थारोळ्यात रिकामी व्हायची. मग बैल मागे सारायचे, मोट पुन्हा खाली. पहाटेपासून ऊन चढेपर्यंत हेच चालायचे. थारोळ्यातून पाणी पाटात, पाटातून वाफ्यात. तिकडे दुसरे माणूस दारे धरून उभे असायचे. एक वाफा भरला की फावड्याने त्याचे तोंड बुजवायचे, दुसऱ्याचे उघडायचे. जरा नजर चुकली की पाट फुटला, आणि बैलांनी छाती फोडून काढलेले पाणी रस्त्यावर गेले. शिवाय रोप लावणे, खुरपणी, राखण, काढणी आणि डोक्यावर माल घेऊन बाजार. भाजीला सुटी ठाऊक नसते. आज पाणी चुकले की उद्या पान मान टाकते.

सावतोबांनी हे काम जन्मभर केले. ते कधी त्यांना भक्तीच्या आड आलेले ओझे वाटले नाही, हे त्यांच्या चरित्राचे मर्म आहे. आपण काम एका बाजूला ठेवतो आणि देव एका बाजूला. काम उरकले की देवाकडे वळायचे, आणि काम तर उरकतच नाही! म्हणून आपली तक्रारही उरकत नाही. सावतोबांनी ती मधली भिंतच काढून टाकली. मोट, नाडा, विहीर, वाफ्यातली भाजी या सगळ्यांत त्यांना विठाई दिसली. त्यांच्या अभंगांत मळ्यातल्याच वस्तू देवाच्या वस्तू होऊन येतात. हे अभंग काशिबा गुरवांनी लिहून ठेवले असे परंपरा सांगते. आज त्यांतले सदतीसच काय ते आपल्याला लाभले आहेत. सदतीस म्हणजे फार थोडे. पण घरातल्या एका पणतीने जसा सारा सोपा दिसतो, तसे या थोड्या अभंगांनी त्या माळ्याचे अंतःकरण दिसते.

आता जरा थांबून एक गोष्ट ध्यानात घेऊ. मुळ्यात देव दिसणे म्हणजे काय? मुळ्याचे रूप पालटले आणि तिथे पितांबरधारी मूर्ती उभी राहिली, असे नव्हे. मुळा मुळाच राहिला. पण त्याच्याकडे पाहणारे डोळे निराळे झाले. हे बी मी घडवले नाही, ही माती मी केली नाही, हे ऊन मी आणले नाही, विहिरीतला झरा माझ्या हुकमाने वाहत नाही. माझे श्रम खरे, पण त्या श्रमांना लागणारे सगळे मला आयते मिळाले. हे ज्याच्या रोमरोमात भिनले, तो हातातल्या जुडीकडे पाहूनच हात जोडणार. सावतोबांची कृतज्ञता ही अशी हातापायांतून झिरपलेली होती. ती तोंडाने बोलायची वेगळी वेळ त्यांना काढावी लागली नाही. वाफा नीट भरणे हीच त्यांची पूजा, आणि तण वेळेवर काढणे हेच त्यांचे आभार.

त्यांचा संसारही चारचौघांसारखा होता. जवळच्याच भेंड गावची जनाबाई ही त्यांची पत्नी. त्यांना विठ्ठल नावाचा मुलगा आणि नागाताई नावाची मुलगी होती. या संसारातली एक हकीकत परंपरेने जपून ठेवली आहे. ती लहान आहे, पण आपल्या घराघरात लागू पडणारी आहे.

एकदा जनाबाईंच्या माहेरची माणसे अरणला आली. सासुरवाडीची माणसे दारात आली की जावयाने उठून सामोरे जावे, पाय धुवायला पाणी द्यावे, खुशाली विचारावी, ही आपली रीत. सावतोबा त्या वेळी भजनात रंगले होते. त्यांना आल्यागेल्याचे भानच राहिले नाही. पाहुणे अवघडून बसले. जनाबाईंच्या जिवाला ते फार लागले. बाईमाणसाला स्वतःचा अपमान गिळता येतो, पण माहेरच्या माणसांचा गिळवत नाही. त्या संतापल्या आणि नवऱ्याला टाकून बोलल्या.

सज्जनहो, जनाबाईंचा राग अगदीच वावगा होता असे कोण म्हणेल? आणि सावतोबांनीही तसे म्हटल्याचे परंपरा सांगत नाही. त्यांनी आवाज चढवला नाही, भक्तीचा ताठा दाखवला नाही. गोड शब्दांनी त्यांनी तिची समजूत घातली आणि तिचा राग निवला, एवढेच कथा सांगते. या एवढ्याशातच पुष्कळ आले आहे. जो मुळ्याकांद्यात देव पाहतो, तो दिवसभर आपल्याबरोबर राबणाऱ्या बायकोत देव पाहणार नाही काय? आपण मात्र नेमके उलटे करतो. देवळात दगडाच्या पायरीला डोके टेकतो आणि घरी आमटीत मीठ कमी पडले की ताट सरकवतो. ज्या हातांनी तीस वर्षे भाकरी थापली, त्या हातांची आठवण आपल्याला ते हात दुखू लागल्यावर येते. देवाने दिलेल्या देण्यात सर्वांत जवळचे देणे म्हणजे माणसे. पण रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे आपल्याला तेच दिसत नाही.

आता ती सुप्रसिद्ध कथा. महिपतीबोवांनी शके 1684 मध्ये, म्हणजे इसवी सन 1762 साली, पुरा केलेल्या ‘भक्तविजय’ ग्रंथात ती आली आहे, आणि कीर्तनांतून ती आपण सर्वांनी ऐकली आहे. पण प्रत्येक वेळी ऐकताना ती थोडी अधिक कळते.

पैठणला कूर्मदास नावाचे भक्त होते. त्यांना हातपाय नव्हते. पंढरीच्या यात्रेचा महिमा ऐकून त्यांना देवदर्शनाची ओढ लागली. चालणार कसे? ते जमिनीवर लोळत, सरपटत निघाले. दगड, काटे, ऊन, धूळ सोशीत कित्येक दिवस वाट आक्रमली. कार्तिकीची वेळ आली तेव्हा ते लऊळ गावापर्यंत पोचले होते. तिथे शरीर थकले. पंढरी जवळ आली होती, पण एकादशी त्याहून जवळ येऊन ठेपली होती. आता पोचणे शक्य नाही हे त्यांनी ओळखले आणि पुढे जाणाऱ्या वारकऱ्यांबरोबर देवाला निरोप धाडला. तो निरोप ऐकताच भक्तवत्सल पांडुरंग राउळात थांबले नाहीत. ज्ञानदेव आणि नामदेव यांना बरोबर घेऊन ते कूर्मदासांच्या भेटीस निघाले.

वाटेत अरण लागले. देवाने त्या दोघांना जरा मागे ठेवले आणि एकटेच सावतोबांच्या मळ्यात शिरले. आपल्यामागे चोर लागले आहेत, आपल्याला कुठेतरी लपव, अशी त्यांनी सावतोबांना विनवणी केली. मळ्यात लपवायला जागा तरी कुठे असणार? सावतोबांनी क्षणाचाही विचार केला नाही. हातातल्या खुरप्याने आपली छाती विदारली आणि देवाला हृदयात दडवून ठेवले. इकडे नामदेवराय देवाला शोधीत व्याकूळ झाले. रडू लागले, आळवू लागले. शेवटी देवाच्या पितांबराचे टोक त्यांच्या दृष्टीस पडले आणि देव सावतोबांच्या हृदयातून बाहेर आले. मग सारी मंडळी कूर्मदासांना जाऊन भेटली.

या कथेत पाहण्यासारखे काय आहे? देव मळ्यात आला, तेव्हा सावतोबा काय करीत होते? आपले रोजचे काम. हातात काय होते? खुरपे. देवाला आसरा द्यायला त्यांना दुसरे हत्यार शोधावे लागले नाही. नित्य हातात असलेली वस्तूच त्या घडीला कामी आली. आणि प्रत्यक्ष परब्रह्म दारी उभे असता या माळ्याने मागितले काय? विहिरीला पाणी वाढव म्हणून नाही, मळ्याची राखण कर म्हणून नाही. या कथेत मागणारा देव आहे आणि देणारा भक्त आहे. ज्याला आपल्याजवळ जे आहे ते पुरेसे वाटते, त्याच्यापाशीच दुसऱ्याला द्यायला काही उरते. ज्याला सदा उणेच दिसते, त्याच्या दारी देव आला तरी तो आधी आपल्या मागण्यांची यादी वाचून दाखवील!

आणि दुसरे पाहा. या एकाच कथेत दोन भक्त आहेत, आणि दोघेही त्या दिवशी पंढरीत नाहीत. कूर्मदास पोचू शकले नाहीत, सावतोबा मळा सोडून गेले नाहीत. कूर्मदासांनी हातपाय नाहीत म्हणून घरी बसून देवाला दोष दिला नाही. जे धड उरले होते तेवढ्यानिशी ते निघाले. सावतोबांनी, मला मळ्याने अडकवून ठेवले, असे गाऱ्हाणे मांडले नाही. एकाला देवाने जाऊन गाठले, दुसऱ्याच्या हृदयात जाऊन तो बसला. देव अंतर मोजीत नाही. तो एवढेच पाहतो की, मी जे दिले त्याचे याने काय केले.

इथे कोणी विचारील, तर मग वारीचे काय? घरीच देव भेटतो तर पायपीट कशाला? बोवा, ही पळवाट काढू नका. सावतोबांचे नाव सांगून घरी लोळत पडणाऱ्याला सावतोबा कळलेच नाहीत. ज्या पंढरीला ते गेले नाहीत, ती त्यांच्या ओठांवर अखंड होती. त्यांच्या घराण्यात वारी होती, त्यांच्या मुलाचे नाव विठ्ठल होते, त्यांच्या मुखी नाम होते. ज्याला जाता येते त्याने आनंदाने जावे, वाट्याला आलेले पाय देवाच्या वाटेवर झिजवावे. पायांचे आभार मानण्याची याहून चांगली तऱ्हा नाही. आणि ज्याला खरोखरीच जाता येत नाही, त्याने कण्हत बसू नये. त्याने आपला मळा नीट राखावा. कोणाचा मळा म्हणजे शेत, कोणाचा गिरणीतला साचा, कोणाचा शाळेतला वर्ग, कोणाचा अंथरुणावरचा म्हातारा बाप. दिलेल्या वाफ्याला वेळेवर पाणी द्यावे आणि मुखाने नाम घ्यावे.

आणखी एक गैरसमज दूर करतो. आहे त्यात समाधान मानणे म्हणजे हातपाय गाळून बसणे नव्हे. सावतोबा समाधानी होते म्हणून त्यांच्या मळ्यात तण माजले नाही. उलट देण्याची किंमत कळली की माणूस ते देणे जास्तच जपतो. पाणी हे देवाचे देणे आहे असे ज्याला वाटते, तो पाट फुटू देत नाही. अन्न हे देवाचे देणे असे ज्याला वाटते, तो पानात टाकत नाही, आणि दारी आलेल्याला उपाशीही धाडीत नाही. संकट आले तर कृतज्ञ माणूसही रडतो. नामदेवराय नाही का रडले? पण रडून झाल्यावर तो पितांबराचे टोक शोधू लागतो.

आपल्या सांप्रदायात याचे शिक्षण फार सोप्या रीतीने ठेवलेले आहे. आपण ते रोज करतो, पण मन तिथे नसते. जेवणाआधी देवापुढे नैवेद्य ठेवतो. तो कशासाठी? भाकरी माझी म्हणण्याआधी ती कोणाची हे आठवावे म्हणून. सकाळी तुळशीला पाणी घालतो, आपण पिण्याआधी. बेंदराला, पोळ्याला बैलाच्या पाया पडतो, कारण वर्षभर त्याच्या मानेवर आपले घर उभे असते. वारकरी वारकऱ्याला भेटला की दोघेही एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतात, लहान कोण आणि थोर कोण हे पाहत नाहीत. काल्याच्या दिवशी प्रत्येकाचे थोडे थोडे एकत्र होते आणि प्रत्येकाला सगळ्यांचे मिळते. हे सारे आभार मानण्याचेच प्रकार आहेत. फक्त ते सवयीने न करता जाणून करावे. रात्री हरिपाठ झाल्यावर निजण्यापूर्वी घटकाभर बसून दिवसाचा हिशेब करावा. व्यापारी येणे किती राहिले ते लिहितो. आपण आज आले किती ते आठवावे. कोणी पाणी दिले, कोणी वाट दाखवली, कोणी आपली चूक पोटात घातली. वही कधी कोरी राहायची नाही, बघा.

सावतोबांचे आयुष्य फार मोठे नव्हते. शके 1217, आषाढ वद्य चतुर्दशी, म्हणजे इसवी सन 1295 च्या जुलै महिन्यात, पंचेचाळीसाव्या वर्षी अरण येथेच त्यांनी देह ठेवला. ज्या मातीत जन्मले, ज्या मातीत राबले, त्याच मातीत ते विसावले. फार मुलूख त्यांनी पाहिला नाही, मोठे ग्रंथ रचले नाहीत. एक विहीर, एक मळा, एक कुटुंब आणि एक विठ्ठल, एवढीच त्यांची इस्टेट. सातशे वर्षे उलटून गेली. त्या काळचे वाडे पडले, राज्ये गेली, जहागिऱ्या कोणाच्या होत्या तेही लोक विसरले. पण अरणच्या त्या माळ्याला भेटायला पंढरीच्या राण्याची पालखी येते.

म्हणून, यंदा ज्यांची वारी घडली त्यांनी आपल्या पायांना आणि घर सांभाळून मागे राहिलेल्या माणसांना नमस्कार करावा. त्यांनी उंबरठा राखला म्हणून तुम्हाला महाद्वार दिसले. आणि ज्यांची वारी चुकली त्यांनी डोळे पुसावे, उठावे आणि आपल्या मळ्यात जावे. खुरपे हातात असू द्यावे. देव कोणत्या बांधावरून येईल याचा नेम नाही.

बोला, पुंडलीक वरदा हारी विठ्ठल! रामकृष्णहरि.